शेऱ्याखालची सही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री दीड वाजता आला, मी सकाळी वाचला. सुरुवात झोपेपासून, मध्येच ऑफिसातल्या साहेबांची तक्रार, मग कुठल्याशा चाचणीतले गुण, मग आपल्या वर्गातली एक आठवण, ती अर्ध्यावर टाकून पुन्हा झोप. मी हसले नाही. मीही असंच लिहिते. हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. पण तुझी शेवटची ओळ एका दमात आलेली दिसली: ‘गुरुवारी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचंय. बाई, ते नाही म्हणाले तर?’

लोकांना आजार निघेल याची धास्ती असते, तुला तो न निघण्याची आहे. का, ते मला कळतं. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि चंचलता आवरणं अवघड जाण्याची अवस्था) नाही असं ठरलं, तर मग उरतं काय? लहानपणापासून ऐकत आलेलं तेच. आळशी, वेंधळी, मनावर घेत नाही. यातलं शेवटचं कुणी लिहिलं होतं ते तू विसरली असशील, मी विसरलेले नाही. तुझ्या सहावीच्या प्रगतिपुस्तकात, दुसऱ्या सत्राच्या रकान्यात: ‘हुशार आहे. मनावर घेत नाही.’ खाली माझी सही.

असे शेरे मी 26 वर्षं लिहिले. मला हा विषय ठाऊकच नव्हता असंही नाही. शाळेत एकदा यावर कार्यशाळा झाली होती. त्यात दाखवलेला मुलगा बाकावर उभा राहायचा, शेजारच्याला ढकलायचा, उत्तर येवो न येवो हात वर करून ओरडायचा. म्हणजे एडीएचडी असा दिसतो, अशी माझी खात्री झाली. सगळं वहीत उतरवून घेतलं आणि ती वही हरवली.

पुढे माझ्या भाच्याची तपासणी चालू असताना घरच्यांसाठीची प्रश्नावली भरायला मी बहिणीला मदत करत होते. ‘सुरू केलेलं काम अर्धवट सोडतो का?’, ‘समोरून बोललं तरी ऐकत नाही असं वाटतं का?’, ‘रोजच्या गोष्टी विसरतो का?’ पाच-सहा प्रश्नांनंतर माझा हात थांबला. हे भाच्याबद्दल विचारतायत की माझ्याबद्दल, कळेना. वर्षभरानं, वयाच्या 48 व्या वर्षी, मी स्वतः डॉक्टरांसमोर बसले. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, शाळेतलं काही जपून ठेवलंय का? आईनं ठेवलं होतं. चौथीच्या प्रगतिपुस्तकात आमच्या बाईंनी लिहिलं होतं: ‘वर्गात बसलेली असते, वर्गात नसते.’ त्यांनी ते वैतागून लिहिलं असणार. डॉक्टरांनी ते वाक्य शांतपणे आपल्या कागदावर उतरवून घेतलं. टोमणा म्हणून लिहिलेली ओळ पुरावा म्हणून वाचली जात होती. त्या क्षणी मला मी लिहिलेले सगळे शेरे आठवले. तुझाही.

म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे. एका बैठकीत वाचू नकोस.

आधी या नावाचं बघू, कारण निम्मे गैरसमज नावातच आहेत. ‘अटेन्शन डेफिसिट’, म्हणजे लक्षाची कमतरता. ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाकडे लक्षच कमी. मग तो तुला मोबाईलवर चार तास बघतो आणि म्हणतो, ‘तिथे बरं लक्ष लागतं!’ त्याचं चुकत नाही, नाव चुकतं. पाणी कमी नसतं, तोटी आपल्या हातात नसते. काम आवडीचं असेल, नवं असेल, किंवा उद्याच द्यायचं असेल, तर धो धो. कंटाळवाणं पण महत्त्वाचं असेल, तर तोटी पिळून पिळून थेंब. तुला काय करायचं ते माहीत असतं, ते का करायचं हेही माहीत असतं, आणि तरी तू त्या कामापाशी पोचत नाहीस. आळशी माणूस काम टाळून निवांत असतो. तू काम टाळून दिवसभर त्याच कामाच्या ओझ्याखाली असतेस. मला वर्गात हा फरक दिसायला हवा होता.

आता गुरुवारबद्दल. तिथे रक्ताची चाचणी करून एडीएचडी आहे की नाही ते सांगत नाहीत. मेंदूचं चित्र काढूनही सांगत नाहीत. मेंदूत फरक दिसतात हे खरं. 2007 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये मेंदूच्या बाहेरच्या थराची वाढ सरासरीनं सुमारे तीन वर्षं मागून होते. पण तो गटांच्या सरासरीतला फरक आहे. एकट्या माणसाचा स्कॅन समोर ठेवून आहे की नाही हे ओळखता येत नाही. कुणी केवळ स्कॅनवरून निदान देतो म्हणत असेल, तर पैसे खिशात ठेवून परत ये.

निदान होतं ते बोलण्यातून. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची एक नियमावली आहे, डीएसएम. तिची पाचवी आवृत्ती 2013 मध्ये आली आणि जगात अनेक ठिकाणी तीच वापरतात. तिच्यात 18 लक्षणं आहेत. नऊ अवधानाची, नऊ चंचलतेची आणि उतावळेपणाची. मुलांसाठी यातल्या एका गटात किमान सहा लागतात, 17 वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी पाच. तू बहुतेक हे वाचलंच असशील आणि मोजूनही झालं असेल. पण खरी परीक्षा त्यापुढे आहे. लक्षणं किमान सहा महिने टिकून हवीत. काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून दिसलेली हवीत. एकाच जागी नव्हे, घर, शिक्षण, काम, मित्रमंडळी यांपैकी निदान दोन ठिकाणी हवीत. त्यांनी जगण्यात, शिकण्यात किंवा कामात खरोखर अडथळा आणलेला हवा. आणि दुसऱ्या कशानं तो सगळा प्रकार जास्त नीट उलगडत नसायला हवा.

तू असं बोलतेस का, असं वागतेस का, एवढ्यावर डॉक्टर थांबणार नाहीत. कधीपासून, कुठेकुठे आणि काय किमतीत, हे विचारतील. किंमत हा शब्द माझा आहे, नियमावलीत तो तसा नाही, पण मला तोच पटतो. ‘अगं, असं तर सगळ्यांचंच होतं’ हे तुला शंभर जणांनी ऐकवलं असेल. होतंच. पाऊस सगळ्यांच्याच छपरावर पडतो. प्रश्न असा की कुणाच्या घरात रोज सहा भांडी मांडावी लागतात.

तू स्वतःच सोडवलेल्या त्या एडीएचडीच्या चाचणीकडे येते. गणिताच्या बाईंना गुण सांगितलेस, आता हिशेब ऐकावा लागेल. अशा बऱ्याच चाचण्यांच्या मुळाशी एक सहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं ती तयार झाली आणि चांगली आहे. पण ती चाळणी आहे. पुढे कुणाला नीट तपासायचं, एवढंच ती सांगते. हजार मोठी माणसं घे. मोठ्यांमध्ये एडीएचडीचं प्रमाण ढोबळमानानं शेकडा अडीच धरतात, मुलांमध्ये शेकडा पाच. म्हणजे हजारात 25. आता सोयीसाठी दोन आकडे माझ्या मनाचे धरू: चाचणी या 25 पैकी 20 जणांना बरोबर पकडते आणि उरलेल्या 975 पैकी फक्त दहा टक्क्यांना चुकून पकडते. वाईट नाही ना चाचणी? पण चुकून पकडलेले झाले साधारण 97. म्हणजे ‘दाट शक्यता आहे’ असं उत्तर आलं 117 जणांना आणि त्यात खरे 20. सहातला एक.

तू त्या हजारातली कुणीही एक नाहीस, हे मान्य. तुझ्याबाबतीत शक्यता नक्कीच जास्त आहे. पण ती वाढते मुख्यतः तुझ्या इतिहासानं, नुसत्या त्या चाचणीतल्या गुणांनी नव्हे. व्हिडिओंचंही असंच. 2022 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी टिकटॉकवरचे एडीएचडीबद्दलचे सर्वांत लोकप्रिय 100 व्हिडिओ तपासले, तर निम्म्याहून थोडे जास्त दिशाभूल करणारे निघाले. डोक्यात एकच गाणं घोळत राहणं, चहा करून तो विसरणं, एकाच वेळी तीन पुस्तकं वाचणं, यातलं माझंही सगळं जुळतं, पण माझं निदान यावर झालेलं नाही. व्हिडिओनं तुला दारापर्यंत आणलं असेल तर त्याचे आभार मान आणि चप्पल जशी बाहेर काढतो तसा तो बाहेर ठेवून आत जा.

आता तुझा खरा प्रश्न. ‘नाही’ म्हणाले तर?

डॉक्टर तुला झोपेबद्दल बरंच विचारतील. घोरतेस का, किती तास झोपतेस, सकाळी ताजी उठतेस का. बहुधा थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगतील. मन उदास असतं का, काळजीनं छाती भरून येते का, कधी काही दिवस झोपेशिवायही अंगात प्रचंड जोर असतो का, दारू किंवा गांजा घेतेस का, लहानपणी काही भयंकर घडलं होतं का, हेही विचारतील. यानं चिडू नकोस. ते तुझ्यावर अविश्वास दाखवत नाहीत. वर्षानुवर्षं झोप अपुरी पडलेला माणूस एडीएचडी असलेल्या माणसासारखाच दिसतो. नैराश्यात लक्ष लागत नाही, चिंतेत हातपाय स्वस्थ राहत नाहीत, थायरॉइड बिघडलं तर विसराळूपणा येतो. वाचनाची अडचण असलेलं मूल पुस्तक समोर धरलं की खिडकीबाहेर बघतं आणि आम्ही शिक्षक म्हणतो, लक्ष नाही.

यांना वेगळं करण्याची एक खूण मला माझ्या डॉक्टरांकडून कळली. नैराश्य आलेला माणूस बहुतेक वेळा सांगू शकतो की अमुक वर्षापासून, अमुक घटनेनंतर मी असा झालो. त्याआधी बरा होतो. एडीएचडीला असा ‘आधी’ नसतो. मला त्यांनी विचारलं, हे सुरू कधी झालं, तर मी बराच वेळ आठवत बसले. सुरू झालेलं आठवतच नव्हतं. अर्थात ही खूण आहे, नियम नाही. बऱ्याच जणांमध्ये दोन्ही असतात. आयुष्यभर धडपडून, ओरडा खाऊन वर चिंता किंवा नैराश्य चढलेलं असतं आणि मग आधी कशावर उपचार करायचे हे तज्ज्ञालाच ठरवावं लागतं.

म्हणून ‘नाही’चा अर्थ नीट समजून घे. तपासून आलेलं ‘नाही’ म्हणजे ‘तू आळशी आहेस’ असं नव्हे. आळस हे निदान कुठल्याही नियमावलीत नाही, मी सगळी पानं चाळली आहेत. ‘हे नाही’ म्हणजे ‘दुसरं काहीतरी आहे, चला ते शोधू’. तुझा त्रास चाचणीआधीही खरा होता आणि उत्तर काहीही आलं तरी खरा राहील. डॉक्टर ‘नाही’ म्हणाले, तर ‘मग काय आहे?’ हा पुढचा प्रश्न तिथेच, त्याच खुर्चीत बसून विचार. विचारल्याशिवाय उठू नकोस.

दुसऱ्या बाजूलाही चुका होतात आणि त्या तुझ्यासारखीच्या बाबतीत जास्त. मुलगा खिडकीची काच फोडतो, म्हणून शाळेला दिसतो. मुलगी त्याच खिडकीतून बाहेर बघत गप्प बसते. लहानपणी निदान झालेल्यांत मुलींच्या दुपटीहून जास्त मुलगे असतात. मोठेपणी हा फरक बराच कमी होतो. मुलींना हे वीस-पंचविशीत अचानक होत नाही, तोवर त्यांच्याकडे कुणी बघितलेलं नसतं. खरं म्हणजे धावपळ न करताही अवधानाची अडचण असू शकते, हे डीएसएमनं 1980 मध्येच मान्य केलं होतं. 1968 च्या आवृत्तीत या अवस्थेचं नावच मुळी मुलांच्या अतिचंचलतेवरून होतं. 1980 मध्ये ते बदलून अवधानावर आलं. 1987 मध्ये आजचं एडीएचडी हे नाव मिळालं. मी नोकरीला लागले ती त्यानंतर. तरी माझ्या डोळ्यांसमोर बाकावर उभा राहणारा मुलगाच होता.

‘एवढे चांगले गुण पडायचे, मग कसला एडीएचडी?’ हेही तुला कुणीतरी म्हणणार, कदाचित तुझे बाबाच. गुणांनी काही सिद्ध होत नाही. तू 87 टक्के आणलेस ते मला आठवतं. ते आणण्यासाठी परीक्षेच्या आदल्या रात्री काय काय व्हायचं, ते तुझ्या आईनं मला पालकसभेत सांगितलं होतं. डॉक्टरांना 87 सांग आणि त्या रात्रीही सांग. हुशारी, घरचा धाक, वेळापत्रक लावून देणारी आई, यांच्या आधारानं बरीच मुलं शाळा पार करतात. मग एकटं राहायची वेळ येते, विजेचं बिल, प्रवासाची तिकिटं, साहेबांची ईमेल हे सगळं आपलं आपण बघायचं असतं, आणि आधाराचे खांब काढल्यावर छत हलायला लागतं. तुझी ऑफिसातली तक्रार वाचताना मला हेच दिसत होतं. पण मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. माझ्या दिसण्याला गुरुवारी काही वजन देऊ नकोस.

हे सगळं मोबाईलमुळे आलेलं नवं खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यात फार दम घालवू नकोस. लंडनमध्ये 1902 साली जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञानं व्याख्यानांमध्ये बुद्धी शाबूत पण स्वतःवर ताबा नाही अशा मुलांचं वर्णन केलं होतं. त्याच्याही आधी, 1798 मध्ये, अलेक्झांडर क्रिक्टन या वैद्यानं मन एका जागी टिकत नसल्याच्या जन्मजात अडचणीबद्दल लिहिलं. तेव्हा मोबाईल सोड, साधी आगगाडी नव्हती. हां, निदानांची संख्या वाढली आहे आणि त्यातली सगळीच बरोबर असतील असं मी म्हणणार नाही. एक गोष्ट तर आम्हा शिक्षकांनी लाज वाटून घ्यावी अशी आहे: वेगवेगळ्या देशांत असं आढळलंय की एकाच इयत्तेत वयानं सर्वांत लहान असलेल्या मुलांना एडीएचडीचं लेबल जास्त लागतं. अकरा महिन्यांनी लहान असलेलं पोर अकरा महिन्यांनी लहान असल्यासारखं वागतं आणि आम्ही त्याला तपासणीला पाठवतो. कुणाचं निदान उगाच होतं, कुणाचं होतच नाही. एकाच शाळेत, एकाच वर्षी, दोन्ही.

तुझ्या आईला स्वतःचंच काही चुकलं असं वाटतंय, हे तुझ्या निरोपात एका ओळीत येऊन गेलं. तिला माझ्याकडून सांग की संगोपनानं एडीएचडी होत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून याची आनुवंशिकता 70 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान येते, जवळपास उंचीइतकी. (याचा अर्थ ‘माझा 75 टक्के एडीएचडी आईबाबांकडून आला’ असा होत नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला एवढा वाटा जनुकांतल्या फरकाचा. परीक्षेत हे चुकवणाऱ्याचा मी अर्धा गुण कापला असता.) गोड खाल्ल्यानं मुलं चंचल होतात हाही असाच जुना समज. 1994 मधला एक प्रयोग मला फार आवडतो. काही आयांना सांगितलं, तुमच्या मुलाला साखर दिली आहे. प्रत्यक्षात दिलं होतं साखरेच्या चवीचं, साखर नसलेलं पेय. आयांना मुलं जास्त चंचल दिसली, आणि त्या स्वतःही मुलांवर जास्त बारीक नजर ठेवून, जास्त टोकत राहिल्या. मी हे वाचलं तेव्हा मला मुलांपेक्षा माझ्या स्टाफरूमचीच आठवण आली.

औषधांबद्दल मी थोडंच लिहीन, ते डॉक्टरांचं काम. सर्वांत जास्त वापरलं जाणारं मिथिलफेनिडेट 1944 मध्ये तयार झालं. लिआंद्रो पानिझॉन नावाच्या रसायनतज्ज्ञानं ते बनवलं आणि बायको रिता हिच्या नावावरून त्याचं रिटॅलिन झालं. म्हणजे औषध अगदी कालचं नाही, त्याचे गुण आणि त्रास दोन्ही बऱ्यापैकी माहीत आहेत. भूक कमी होते, झोप उशिरा येते, नाडी आणि रक्तदाब थोडे वाढू शकतात, म्हणून आधी हृदयाचा इतिहास विचारतात आणि नंतर तपासत राहतात. सगळ्यांना ते चालत नाही. ॲटोमॉक्सेटिनसारखी वेगळ्या जातीची औषधंही आहेत. गोळी घेतली की माणूस सुन्न होतो किंवा व्यसनी होतो, ही भीती योग्य देखरेखीत घेतलेल्या योग्य मात्रेबद्दल खरी नाही. आणि सुन्न वाटलंच, तर मात्रा किंवा औषध बदलायला हवं, ते डॉक्टरांना सांगायचं.

मात्र एक गोष्ट तू निरोपात हळूच लिहिलीस ती मला दिसली. मैत्रिणीची गोळी एकदा घेऊन बघू का, लक्ष लागलं तर कळेलच. नाही कळणार. 1978 मध्ये एडीएचडी नसलेल्या मुलांना अशाच जातीचं औषध देऊन पाहिलं होतं. त्यांचीही चुळबुळ कमी झाली, त्यांचंही लक्ष वाढलं. गोळीनं लक्ष लागणं हा निदानाचा पुरावा नाही. शिवाय तुझ्या हृदयाचे ठोके कसे आहेत हे मैत्रिणीला माहीत नाही. हा उद्योग करू नकोस. यात मी शिक्षिका म्हणूनच बोलतेय.

वयानुसार जातं का, असंही विचारलं आहेस. काहींचं बरंच कमी होतं. अमेरिकेत 1990 च्या दशकात 579 मुलांवर एक मोठा उपचार-अभ्यास सुरू झाला आणि त्या मुलांकडे पुढे तरुणपणापर्यंत लक्ष ठेवलं गेलं. त्यांपैकी पूर्णपणे आणि टिकून बरी झालेली दहातली जेमतेम एक. बहुतेकांचं वरखाली होत राहिलं, काही वर्षं बरी, काही वाईट. रूपही बदलतं. धावणारं मूल मोठेपणी धावत नाही, पण आत कुणीतरी सतत चकरा मारत असतं. तुझं कॉलेजचं दुसरं वर्ष छान गेलं म्हणून ‘मग मला हे नसेलच’ असं लिहिलंस, त्याला म्हणून फारसा अर्थ नाही. डॉक्टरांना ते वर्ष जरूर सांग आणि त्या वर्षी वेगळं काय होतं तेही सांग. माझ्या मते तिथे बरंच सापडेल.

आणि ‘हो’ म्हणाले तर? पहिले काही दिवस तुला हलकं हलकं वाटेल. मला वाटलं होतं, दोन आठवडे मी पिसासारखी फिरत होते. मग एका दुपारी, काही कारण नसताना, हातून निसटलेल्या गोष्टींचा हिशेब सुरू झाला. अर्धवट राहिलेली पदव्युत्तर पदवी. एक मैत्रीण, जिच्या तीन पत्रांना मी उत्तर दिलं नाही, कारण चांगलं उत्तर लिहायचं होतं. त्या दुपारचा राग कुणावर काढायचा ते कळत नाही. तो येईल तेव्हा घाबरू नकोस आणि त्याच आठवड्यात ऑफिसात सगळ्यांना निदान सांगून टाकू नकोस. सांगायचंच तर कुणाला आणि कशासाठी, ते शांतपणे ठरव. मी पहिल्यांदा सांगितलं, ते मला डबा कुठे विसरलाय हे रोज शोधून देणाऱ्या सहशिक्षिकेला. ती म्हणाली, ‘हे मला माहीत होतं, फक्त याला नाव आहे हे माहीत नव्हतं.’

गुरुवारी जाताना विशेषणं नेऊ नकोस, प्रसंग ने. ‘मी फार विसराळू आहे’ याचं डॉक्टरांनी काय करायचं? ‘गेल्या चार महिन्यांत तीनदा बिलाची तारीख चुकली आणि तिन्ही वेळा पैसे खात्यात होते’, हे कामाचं. कामावरचे दोन, घरचे दोन, शाळेतले जमतील तेवढे. आत्ताच मोबाईलमध्ये लिहून ठेव, तिथे बसल्यावर एकही आठवणार नाही. तू बारा वर्षांची व्हायच्या आत तुला रोज बघणारं कुणी सोबत असेल तर फार बरं. आई आली तर उत्तम. ती ‘माझी मुलगी अगदी गुणी होती’ असं म्हणेल. म्हणू दे. डॉक्टरांना असल्या वाक्यांमागचं कसं विचारायचं ते येतं. आणि दहा मिनिटांत कुणी ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगून मोकळं झालं, तर उत्तर तुझ्या मनासारखं असलं तरी दुसऱ्या कुणाला तरी दाखव. स्वतःला आहेस त्याहून बरी दाखवू नकोस, आणि ‘नाही’च्या भीतीनं आहेस त्याहून वाईटही दाखवू नकोस. हे दुसरं जास्त अवघड असतं. मी थोडी चुकले होते, डॉक्टरांनी ओळखलं.

सहावीचं प्रगतिपुस्तक घेऊन जा. माझा शेरा आपल्या जागी राहू दे, पण डॉक्टरांना एवढं सांग की लिहिणाऱ्या बाई अजून आहेत, आणि ‘मनावर घेत नाही’ म्हणजे त्यांनी वर्गात नेमकं काय काय पाहिलं होतं, ते विचारलं तर फोनवर सविस्तर सांगतील. मी आठवून लिहून काढलंय. दीड पान झालं. फळ्यावरचं अर्धंच उतरवलेलं गणित, तीन वेळा हरवलेला कंपास, तास संपल्यावर कळलेला प्रश्न आणि त्याचं अचूक उत्तर. इतकं सगळं मला दिसत होतं.

तुझ्या,
बाई

ता. क. प्रगतिपुस्तक आजच शोध आणि लगेच पिशवीत टाक. बुधवारी रात्री शोधायला घेऊ नकोस.